चिंचेनं घासलेली जपानी तलवार

खंडेनवमीला मी एक जपानी तलवार चिंचेनं घासली. हा पराक्रम जगात बहुधा माझ्या एकट्याच्याच नावावर असावा.

इराकच्या हल्ल्यात कुवेत पडलं तेव्हा आम्ही सौदीत, दम्मामला होतो. माझा एक इंग्रज सहकारी घाईघाईनं मायदेशी निघाला. त्याच्या वडिलांनी महायुद्धानंतर ब्रह्मदेशातून आणलेली तलवार त्यानं माझ्याकडे ठेवली, कारण अशा तलवारी ओळखायचा मला नाद. तो म्हणाला, "पातं जुनं, एखाद्या जपानी घराण्यातलं निघालं तर मला परत दे. युद्धातलं, कारखान्यातलं असेल तर तुझं."

नादिष्ट माणसं पातं जुनं निघावं म्हणून झुरतात. मी ते कारखान्यातलं निघावं म्हणून झुरत होतो.

पितळी साजावर चेरीची फुलं होती, म्हणजे तलवार सैन्यातल्या अधिकाऱ्याची. पण काही अधिकारी आजोबांचंच पातं नव्या साजात घालून नेत. खरं वय कळतं ते मुठीत दडलेल्या भागाच्या गंजावरून : काळा असेल तर जुनं, तांबूस असेल तर नवं. म्हणून पूजेच्या सकाळी बांबूची खुंटी काढून मी मूठ उतरवली. बायकोनं समईसाठी चिंच भिजवली होती. गंजलेलं हत्यार पूजेला कसं मांडायचं? हात आपोआप चालला. 'गंजाला हात लावू नये' हे माझ्या तलवारींच्या पुस्तकात पुढच्या पानावर होतं; ते मी नंतर वाचलं.

"काळा होता की तांबडा?" बायकोनं विचारलं.

"चिंचेच्या पाण्यात काय कळणार?"

हिवाळ्यात युद्ध सुरू झालं. क्षेपणास्त्रांतून विषारी गॅस येईल या भीतीनं खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावलेल्या एका खोलीत आम्ही भोंगा थांबायची वाट बघत बसायचो. "तलवार कशाला आत? गॅसला भोसकणार?" असं पहिल्या दिवशी म्हणणारी बायको पुढे स्वतःच ती जुन्या साडीत गुंडाळून आत घेऊ लागली. मी त्या गुंडाळीकडे बघत राही. कधी भट्टीपुढे वाकलेला म्हातारा लोहार दिसे, कधी कारखान्यातली पात्यांची रांग, आणि दोन्हींमागे एकच संथ, राखाडी समुद्र. त्या अर्धवट झोपेत दोन्ही खरं वाटे.

युद्ध थांबल्यावर सहकाऱ्याचा फोन आला. "जुनी की कारखान्यातली?"

'कारखान्यातली' एवढंच म्हणायचं होतं. जीभ वळेना. चिंचेसकट सगळं सांगितलं.

पलीकडे तो हसला. "बरं, कळेपर्यंत राहू दे तुझ्याकडे."

बायको साडीची घडी घालत ऐकत होती. म्हणाली, "मग आता काही कळून घेऊ नका हं."