पांढऱ्या साडीचा रंग

उल्हासनगरच्या लॅबवाल्याने माझ्या फोटोंची वाट लावली, असं त्या वर्षी मी अख्ख्या अंबरनाथला सांगत सुटलो होतो. फोटो पुतणीच्या लग्नाचे. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते, पांढरी म्हणजे पांढरीशुभ्र. आणि प्रिंटमध्ये साडीवर कुणी चहा सांडल्यासारखा पिवळटपणा!

मी पाकीट काउंटरवर आपटलं. "ही साडी पांढरी आहे?"

"साईं, सफेदच आहे," लॅबवाला म्हणाला. सिंधी माणूस, पण मराठी गिऱ्हाइकांशी मराठीतच बोलायचा. "बाहेर उजेडात बघा ना."

"तीस वर्षं कॅमेरा धरतोय. मला उजेड शिकवू नका. निळा वाढवा."

त्याने वाढवला. मी म्हटलं, अजून. चौथ्या वेळी तो मशीनवरून उठलाच. "अब आप ही बैठो!" शेवटी माझ्या मनासारखी साडी निघाली आणि अल्बम घेऊन मी ऐटीत बेलवलीला वहिनींकडे गेलो.

वहिनींनी चार पानं उलटली. "भावजी, पोरगी गारठल्यासारखी दिसते हो."

"तुम्हाला फोटोतलं काय कळतं?" मी म्हणालो. जिभेला हाड नाही, हे माझं जुनं दुखणं.

नवं दुखणं पुढे कळलं. फोकस जुळेना म्हणून लेन्स दोनदा दुरुस्तीला दिली. लेन्स ठणठणीत होती. मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"काका, दोन्हीकडे मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलाय, तो आधी करू."

उजवा! कॅमेऱ्याला लावायचा डोळा! "आधी डावा करा," मी म्हटलं, "तो नुसता मिटूनच असतो."

बाई हसल्या. मला अजिबात हसू आलं नाही. उजवा बिघडला तर मी काय करायचं होतं? घरी बायको म्हणाली, "आता कशाला कॅमेऱ्याचा घोर? पेपर वाचण्यापुरतं दिसलं की झालं." पेपर वाचण्यापुरतं! गवयाला कुणी सांगतं का, हाक मारण्यापुरता गळा राहिला की झालं? साठी ओलांडली की माणसाला डोळे फक्त गोळ्यांची नावं वाचायला लागतात, असा सगळ्यांचा समज. दोन दिवस मी नुसता कॅमेरा पुसत बसलो. तिसऱ्या दिवशी मात्र उजव्या डोळ्यासाठी मुकाट ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झालो.

पट्टी निघाली तेव्हा समोर दवाखान्याची चादर होती. डावा डोळा मिटला, चादर पांढरी. उजवा मिटला, चादर चहाची. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तसाच बेलवलीला जाऊन अल्बम उघडला. नवरी निळी. नवरा निळा. भंतेजींचं भगवं चीवर मातकट जांभळं. वहिनी काही बोलल्या नाहीत, याचाच जास्त राग आला. एकाने तरी मला खडसावून सांगायला नको होतं? दोघांनी सांगितलं होतं, हे आठवल्यावर तो राग कुठे ठेवावा कळेना.

निगेटिव्ह घेऊन लॅबमध्ये गेलो. "पुन्हा छापा. तुमच्या डोळ्यांनी."

लॅबवाल्याने माझा काळा चष्मा पाहिला. "साईं, मोतीबिंदू? एकच डोळा झाला? मग दुसरा मिटून उभे राहा. नाहीतर मी मशीन चालू करत नाही."

असा संताप आला! पण चष्मा काढला, डावा डोळा घट्ट मिटला आणि उभा राहिलो. पहिली प्रिंट बाहेर आली. साडी पांढरी होती.