घरभेटीच्या चिठ्ठ्या

प्राध्यापकानं शिकवलेलं पोरं परीक्षेनंतर विसरतात, पण प्राध्यापकाची फजिती जन्मभर लक्षात ठेवतात. कुठलाही माजी विद्यार्थी भेटू दे, चहा येईपर्यंत दोन किस्से निघतातच. त्यापेक्षा माझे मीच सांगून टाकतो. गोष्ट ऐंशीच्या आसपासची. वाशीतलं आमचं कॉलेज नवं, समाजशास्त्र शिकवणारा मीही नवा, आणि समाज बदलायची मला भारी घाई!

*

मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या बाजूला, हे मी पहिल्याच आठवड्यात मोडलं. सगळ्यांना रोल नंबरप्रमाणे बसवलं. चौथ्या दिवशी करावे गावातून एका मुलीचे वडील आले, म्हात्रेकाका. मी त्यांना समानतेवर अर्धा तास ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्टाफरूमकडे बोट केलं.

"मास्तर, मंग तुमच्या बाया त्या कपाटाच्या मागं कशाला बसल्यात?"

आमच्या दोन्ही मॅडम खरंच कपाटाआड बसायच्या. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कपाट भिंतीला लागलं, आणि म्हात्रेकाकांची मुलगी रोल नंबरप्रमाणेच बसत राहिली.

*

आडनावावरून जात कळते आणि माना वळतात, म्हणून हजेरी घेताना मी आडनावं गाळली. स्वतःचा फार अभिमान वाटला. त्याच तासाला ऑफिसातले क्लार्क यादी घेऊन दारात आले.

"स्कॉलरशिपवाले उभे राहा!"

चौघं उभे राहिले, बाकीच्यांच्या माना वळल्या. मी क्लार्कवर भडकलो. उभ्या राहिलेल्यांत वनिता होती. तिचे वडील मराठवाड्यातून येऊन रबाळ्याच्या कारखान्यात लागले होते.

"सर, त्यांना कशाला बोलता?" ती म्हणाली. "उभं राहायची मला लाज न्हाई. वळून बघनाऱ्यांना सांगा की काहीतरी."

मी हजेरी पुढे सुरू केली, आडनावं गाळूनच.

*

मग मी घरभेट काढली. चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी रविवारी जायचं, चहा घ्यायचा आणि सोमवारी वर्गात अहवाल वाचायचा. जात पुस्तकात नाही, घरात कळते, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

चिठ्ठ्यांचा डबा फिरायला लागला तशी वनितानं विचारलं, "सर, तुमची चिठ्ठी टाकली का?"

वर्ग हसला. मीही हसत टाकली. ती निघाली वनितालाच.

रविवारी ती आली. माझी आई माझ्याकडेच असायची. तिनं चहा केला, आग्रहानं लाडू दिला, अभ्यासाची चौकशी केली. वनिता गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

सोमवारी ती वाचायला उभी राहिली. काय घडलं होतं ते तिला आणि मला ठाऊक होतं, वर्गाला नव्हतं. यापुढे या पोरांसमोर जातीबद्दल बोलायला मला तोंड उरणार की नाही, ते तिच्या हातातल्या कागदावर होतं. मला भीती वाटत होती. तिनं एकदाही माझ्याकडे न बघता वाचलं.

"सरांच्या आई प्रेमळ आहेत. लाडू चांगला होता. चहा झाल्यावर त्यांनी मला माझा कप मोरीत धुवायला सांगितला. सरांचा कप टेबलावरच होता. धुतलेला कप कुठं ठेवायचा ते मी सरांना विचारलं. सर पेपर वाचत होते."