सुक-हीची उलटी कोलांटी

माझी नणंद मेंग सुक-ही बस चालवते. चोंगफ्योंगच्या स्टँडवरून डोंगरातल्या वाड्यांपर्यंत, दिवसातून सहा फेऱ्या. वय सेहेचाळीस. तिच्या बसमधल्या म्हाताऱ्यांना विचारा, ब्रेक कधी लागला तेही कळत नाही म्हणतील. हीच बाई दुपारची पाळी असली की सकाळी साडेसहाला आमच्या नदीवरच्या धक्क्यावर यायची, पायांत पाण्यावर घसरायचा बोर्ड अडकवायची आणि बोटीमागची दोरी धरून हवेत उलटी कोलांटी मारायची.

बोट माझा नवरा दोक-सू चालवतो, म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. मी त्याच्या बाजूला मागे तोंड करून बसते. दोरीवरचं माणूस पडलं की ओरडून सांगायचं, एवढंच माझं काम.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ऑगस्टमध्ये तिची कोलांटी पुरी झाली, पण उतरताना बोर्डाची पुढची कड पाण्यात रुतली आणि ती तोंडावर आपटली. त्या वेगाला पाणी फरशीसारखं लागतं. बोट वळवून आम्ही पोचलो तेव्हा ती लाइफ जॅकेटवर उताणी तरंगत होती. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. उडी मी मारली. दोक-सूचे हात चाकावरून सुटेनात.

कानाचा पडदा फाटला होता. तीन महिने बस बंद. पुढे कान भरून आला, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि मे महिन्यात ती परत पाण्यात उतरली. तेव्हापासून तिची एकही कोलांटी पायांवर उतरली नाही. वर जायची छान, फिरायची छान, आणि खाली यायची ती पाठीवर.

ती धक्क्यावरच्या माझ्या टपरीत नूडल्सचा वाडगा पुढ्यात घेऊन फोनवर स्वतःचं पडणं पुन्हा पुन्हा बघायची. दोरीची मूठ कमरेशी राहत नाही, हात लांब जातात, गुडघे उशिरा वाकतात, असं स्वतःलाच बोलायची. घरामागच्या पर्सिमनच्या झाडाला तिने तसलीच मूठ बांधली आणि खाली उड्या मारायची जाळी ठेवून संध्याकाळभर सराव सुरू केला. हिवाळ्यातसुद्धा. दुसरा उन्हाळा आला तरी फरक शून्य.

खरं कारण मला ती परत आली त्याच वर्षीच्या जूनमध्ये कळलं होतं. सुक-ही बोटीमागच्या लाटेवरून उचलली गेली की माझ्या नवऱ्याचा उजवा हात वेगाचा दांडा बोटभर मागे घ्यायचा. बोट क्षणभर मंदावायची, दोरी सैल पडायची. सैल दोरीवर हवेत माणसाला कशाचाच आधार उरत नाही, ते मागे कलंडतं. मी घरी विचारलं तर तो म्हणाला, "पाठीवर पडते ना? पडू दे. तोंडावर तर पडत नाही."

मी गप्प बसले. वर्षाहून जास्त.

मग यंदाच्या सप्टेंबरातली एक सकाळ. धक्क्यावर बसून पायांतून बोर्ड सोडवताना ती मला म्हणाली की आता हा विकून टाकते. "वय झालं, वहिनी. अंगाला जमत नाही आता."

दोक-सू शेजारीच दोन हातांवर दोर गुंडाळत होता. तरी मी बोलले. "अंगाला काही धाड भरलेली नाही. तू वर गेलीस की हा बोट हळू करतो."

तिने मान वर केली. बोट धक्क्याच्या टायरांवर थडथड आपटत होती.

"कधीपासून?"

"तू परत आलीस तेव्हापासून," तो म्हणाला.

"दोन उन्हाळे मी झाडाला लोंबकळतेय, दादा."

"तुला पाण्यातून काढलं तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही माझ्या."

"काढलं वहिनीने."

तो एवढासा झाला. दुसरा चालक बघ, मला जमणार नाही, असं पुटपुटला. तिने ऐकून घेतलं नाही. दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नाही, म्हणाली. "तूच चालव. काटा पस्तीसवर. दांडा हलता कामा नये."

आम्ही निघालो. पहिल्या खेपेला दोरी ताणलेलीच राहिली, पण तिला सवय सैल दोरीची. हात लांब गेले, बोटीने मूठ हिसकावली, ती कुशीवर आपटली. आवाज इंजिनावरून ऐकू आला. मी ओरडले. ती वर आली, हात उंच करून ठीक आहे म्हणाली. दुसऱ्या खेपेला मूठ कमरेला चिकटून होती, पण पुढची कड पाण्याला घासली. तीच कड. तिने वेळेवर मूठ सोडली म्हणून गडगडत गेली, तोंड वाचलं.

दोक-सूचा चेहरा राखेसारखा झाला होता. पुरे, म्हणाला.

ती पाण्यात दोरी धरून मला विचारत होती, "वहिनी, उतरताना मी कुठे बघत होते?"

"खाली. पाण्याकडे."

"मग आता तुझ्याकडे बघेन."

दोक-सू हळूच मला म्हणाला, "माझा हात धर." मी उठून त्याच्या पाठीला पाठ लावली आणि डावा तळहात दांड्यावरच्या त्याच्या मुठीवर ठेवला.

ती लांबून वळण घेत लाटेवर आली आणि उचलली गेली. डोकं खाली, पाय आभाळाकडे. माझ्या हाताखाली त्याचा हात मागे ओढू लागला. मी सगळा भार टाकून दाबून धरला. फिरता फिरता तिची हनुवटी वर आली, डोळे माझ्यावर लागले. मूठ कमरेशी, गुडघे दुमडलेले. आधी बोर्डाचं मागचं टोक टेकलं, मग ती मांड्यांपर्यंत बुडाली, एक हात पाण्याला लागला. आता गेली, असं मला वाटलं.

पण ती उभी राहिली, दोरी हातात घेऊन.

ती पडली नव्हती, म्हणून मी ओरडले नाही. "काय झालं? बोल ना," दोक-सू म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलंच नव्हतं. उभी आहे, एवढंच मला सांगता आलं. त्याने बोट थांबवली नाही. पुलापर्यंत तो तसाच नेत राहिला.

त्यानंतर तीन आठवडे ती त्याच्याशी बोलली नाही. यायची, बोर्ड बांधायची, जे सांगायचं ते माझ्यामार्फत. छुसोकच्या, सुगीच्या सणाला आमच्याकडे जेवायला आली, भावासमोर बसली आणि तोंडल्याएवढ्या सोंगफ्योनची, तांदळाच्या गोड करंज्यांची, ताटली त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "उद्या साडेसहाला. कोलांटी आता उजव्या बाजूने शिकायचीय."

"पाणी गार पडलंय," तो म्हणाला.

"पडू दे."

त्याने एक सोंगफ्योन तोंडात टाकला आणि मला विचारलं, बोटीच्या टाकीत तेल किती आहे.