चंदना घाटगेचा तक्ता

चंदना घाटगे येलहंक्याजवळच्या एका बियाणे संशोधन संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर होती. तिथलं यंत्र दोन कपाटांएवढं, मुळात कारखान्या-कचेऱ्यांसाठी बनवलेलं. त्यावर गोदामातल्या बियाण्यांच्या नोंदी असत. १९९२ साली शास्त्रज्ञांना वाटू लागलं, विद्यापीठांना जोडणाऱ्या नव्या जाळ्यात आपणही शिरावं, घटकेत पत्रं धाडावीत. विभागप्रमुख नरसिंहराव सांगून मोकळे झाले, "हे कचेरीचं यंत्र. त्याला जमायचं नाही."

"मी बघू का, सर?" चंदनाने विचारलं.

"बघ. पण रोजचं काम आवरून."

फोनच्या तारेवरून जोडणी पंधरवड्यात झाली. पण इकडून गेलेलं पत्र तिकडे नुसता कचरा होऊन उतरे. यंत्रं अक्षरांना आकड्यांनी ओळखतात, आणि दोन्हीकडचे आकडे वेगळे होते. त्यातून या यंत्रात इंग्रजी आय आणि जे यांच्यामध्ये सात घरं मोकळी, का ते देव जाणे. चंदनाने दोनशे छप्पन्न ओळींचा तक्ता वहीत हाताने लिहिला, एकेक चिन्ह पडताळलं, मग अक्षरं बदलून देणारा प्रोग्रॅम रचला. चार महिने तिची जेवणाची सुट्टी त्यातच गेली. शेवटी हैदराबादेहून उत्तर आलं, 'पत्र नीट वाचता आलं.'

पुढच्या वर्षी नरसिंहराव दिल्लीच्या परिषदेला जाऊन आले. त्यांच्या निबंधाची छापील प्रत टायपिस्टच्या टेबलावर चंदनाच्या हाती लागली. शेवटच्या पानावर तिचाच तक्ता, ओळ न् ओळ. लेखक मात्र एकच, नरसिंहराव. आभारात 'ऑपरेटरवर्गाचे सहकार्य'. वर्ग! अख्ख्या संस्थेत ऑपरेटर ती एकटी होती.

घरी वडील, अप्पासाहेब, म्हणाले, "स्वल्प सोस, पोरी. मोठी माणसं ती."

"सोसायचं कशाला, अप्पा? चोरी मी केलीय का?"

महिन्याभरात नागपूरच्या प्राध्यापक उमाकांत देवांचं पत्र त्याच जाळ्यातून आलं. निबंधातला तक्ता त्यांनी वापरून पाहिला होता. चौकोनी कंसांच्या जागी भलतीच चिन्हं उमटत होती. असं का? नरसिंहराव कागद घेऊन चंदनाकडे आले.

"उत्तर लिही. खाली माझं नाव घाल."

"तुम्हीच लिहा ना, सर. तक्ता तुमचा आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तू ऑपरेटर आहेस, हे विसरू नकोस."

"नाही विसरले. म्हणूनच उत्तर मलाच शोधता येईल."

तिने दुपारभर बसून कंसांच्या दोन्ही ओळी तपासल्या. चूक होती, आणि ती तिचीच होती. तिने देवांना लिहिलं, 'या दोन ओळी माझ्याकडून चुकल्या. तक्ता मी केलेला आहे, तेव्हा चूकही माझी. दुरुस्ती सोबत देते. चंदना घाटगे.' परिषदेनंतर ज्या ज्या कॉलेजांनी संस्थेकडून तक्ता मागवला होता, त्या सगळ्यांना तिने हेच पत्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मेमो आला: वरिष्ठांना डावलून पत्रव्यवहार. तिने आपली तक्त्याची वही तारखांसकट संचालकांपुढे उघडून ठेवली. संचालकांनी पानं चाळली आणि नरसिंहरावांना विचारलं, "यातलं तुमचं किती?"

नरसिंहराव म्हणाले, "मार्गदर्शन माझं होतं."

"'काम आवरून बघ', एवढंच," चंदना म्हणाली. "तेवढंच मार्गदर्शन होतं, सर."

संचालकांनी मेमो मागे घेतला. "आता वाढवू नका," एवढं मात्र त्यांनी तिलाच सांगितलं, नरसिंहरावांना नाही. हे तिला मेमोपेक्षा जास्त झोंबलं.

देवांनी सुधारलेला तक्ता चंदनाचं नाव वर घालून इतर कॉलेजांना पाठवला. तेव्हापासून शंका विचारणारी पत्रं थेट तिच्या नावाने येऊ लागली. परिषदेच्या निबंधात लेखकाच्या नावाची दुरुस्ती व्हावी म्हणून तिने दोनदा लेखी अर्ज केला. एकाचंही उत्तर आलं नाही. पद ऑपरेटरचंच राहिलं. १९९५ साली इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीने तिला प्रोग्रॅमर म्हणून घेतलं. राजीनाम्याच्या फॉर्मवर कारण विचारलं होतं. नरसिंहरावांना 'घरगुती अडचण' हवं होतं. चंदनाने लिहिलं, 'माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव,' आणि कागद त्यांच्याच सहीसाठी पुढे सरकवला.