करंगळीवरची गाडी

बसा. तंबाखू मळा. एक गोष्ट सांगतो, पण आधी पैज! शेवट ओळखून दाखवायचा. शेवटी एकाला किंमत मोजायला लागली. पैसा नाय, बैल नाय, मिशी पण नाय. कोणाला मोजायला लागली नि काय, ते ओळखा. ओळखलंत तर ही चंची तुमची, चुन्याच्या डबीसकट!

गोष्ट तशी एकच आहे. पण एक काढली की तिच्या मागनं बाकीच्या येणारच. भाताच्या हंगामात कल्याणच्या गुडशेडात गोण्या येतात ना, तसं आहे बघा ते. तुम्ही एक उचलायला वाकता, तोवर पाठीमागं चार येऊन पडतात. पंचवीस वर्षं मी त्या धक्क्यावर गाडी हाकली. लिहायवाचायला येत नाय, सही तेवढी येते, ती पण घाम फुटून. त्यामुळं सगळा माल डोक्यात. उतरवायला तुम्ही सापडलात!

आमचा मुकादम गणपतदादा. अंगानं शेवग्याची शेंग, आवाजानं इंजिनाची शिट्टी. नवे गाडीवान तयार करायचं काम त्याचं. त्याची परीक्षा एकच, करंगळीची!

म्हणजे काय, तर नव्या माणसानं गाडी भरायची. बैल सोडलेले, जू खाली खुंटीला बांधलेलं. मग दादा येणार, खुंटीची दोरी सोडणार, जुवाखाली डाव्या हाताची करंगळी घालणार नि उचलणार. बारा गोण्यांची गाडी हां! पण माल चाकांवर नीट तोललेला असला, तर जू फुलासारखं वर येतं. आलं की पास.

पुढं जड झाली तर करंगळीला जू हलत नाय. सगळं ओझं बैलाच्या मानेवर. मागं जड झाली तर दोरी सुटल्याबरोबर जू वर उडतं. तिला आम्ही उलाळ गाडी म्हणतो. बैलाच्या गळ्याचा पट्टा वर खेचला जातो नि बिचाऱ्याची जीभ बाहेर.

माझ्या पहिल्या परीक्षेला जू असं उडालं की वरचा कावळा उडाला! दादानं हातातली दोरी टाकली. गेला माझ्या बैलाकडं, त्याच्या गळ्यावरनं हात फिरवला, नि मला म्हणाला, "सख्या, ह्याचा गुन्हा काय रे?"

"कुठं काय, दादा?"

"मग फाशी का देतोयस!"

*

तवा आगगाडी घाट चढून पार वर गेलेली. टिटवाळ्याकडचं भात, खाडीकडचं मीठ, सगळं गुडशेडात यायला लागलेलं. गाड्या कमी नि गाडीवान त्याहून कमी. आणि तिकडं बंदरात मचवे रिकामे! माल आगगाडीनं पळवलेला, खलाशी नुसते जाळी विणत बसलेले.

आमचा ठेकेदार शेठ डोक्याला हात लावून म्हणाला, "गणपत, बैल बाजारात मिळतात. गाडीवान कुठनं आणू?"

दादा म्हणाला, "मी घडवतो. बंदरावरची माणसं द्या मला."

अशी पाच माणसं आली. त्यातला म्होरक्या पास्कू तांडेल. ठाण्याच्या खाडीकाठचा किरिस्ताव, पन्नाशीचा, गळ्यात क्रूस, तीस वर्षं स्वतःचा मचवा हाकलेला. आता मचव्याचं शीड नि डोलकाठी विकून बैलजोडी घेतलेली. म्हणजे परत जायचा रस्ताच नाय! शेठनं सांगून ठेवलेलं, "तीन वेळा परीक्षा. दिवाळीच्या आत पास झाला तर गाडीवानाचा नंबर देतो. नायतर माझा धक्का बंद त्याला."

पहिल्या दिवशी तांडेलानं गाडीला चारी बाजूंनी फेरी मारली. खाली वाकून बघितलं. मागं जाऊन बघितलं. मग दादाला विचारतो, "मुकादम, हिचं सुकाणू कुठं हाय?"

दादानं बैलांची शेपटं दाखवली. "ही दोन."

तांडेलानं मान डोलावली. पण बाकीचे भरून निघाले तरी हा हलेना. तासभर झाला. दादा ओरडत आला, "अरे, निघत का नाय?"

"भरती लागू दे की!"

*

दादानं एक दिवस फर्मान काढलं, चाकाला वंगण घातल्याशिवाय गाडी हलायची नाय. आम्ही आपलं एरंडेल घातलं. ह्या बंदरवाल्यांनी मचव्याला चोपडतात ते मुशीच्या माशाचं तेल घातलं. घरात होतं ना!

चाक काय वळलं म्हणता! आवाज नाय, कुरकुर नाय. पण बंदरापासून पहिलं मांजर मागं लागलं. बाजारपेठेत चार झाली. गुडशेडात गाडी शिरली तेव्हा टेसनमास्तर बाहेर आले, चष्मा पुसला, म्हणाले, "गणपत, ही वरात कुणाची?"

दादानं मान खाली घालून सांगितलं, "तांडेलाची गाडी, साहेब. बैल दोन, मांजरं अकरा."

*

हसू नका, हां. ह्याच तांडेलानं आम्हाला पण एक धडा दिला. दुर्गाडीचा उतार तुम्हाला ठाऊक आहे. भरली गाडी तिथनं उतरवायची म्हणजे बैल मागं रेटतात, माणसं चाकाला लटकतात, नि सगळे देवाला हाका मारतात. एकदा माझीच गाडी सुटली. मी ओरडतोय, बैल पळतायत, खाली खाडी!

मागनं आवाज आला, "सख्या, वाक!"

मी वाकलो. डोक्यावरनं काहीतरी काळं सर्रकन गेलं नि गाडीच्या साटीच्या फळ्यांत खच्चकन अडकलं. गाडी थांबली. बघतो तर लोखंडी नांगर! तांडेलानं फेकलेला. दोरी वडाला गुंडाळून तो वर आरामात उभा.

त्या दिवसापासून दादानं उतारावर वडाला एक दोर नि आकडा कायमचा बांधून टाकला. नव्या माणसाला दाखवायचा, "हा ब्रेक. तांडेलाचा."

मी तांडेलाला म्हटलं, "बाबा, जीव वाचवलास. पण तू नांगर घेऊन का फिरतोस?"

तो म्हणाला, "तू टोपी घेऊन का फिरतंस?"

*

आता बैलांचा किस्सा. तांडेल वाटेत क्रूस दिसला की गाडी थांबवायचा, कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावायचा, मगच पुढं. बैलांना पण सवय लागली.

एकदा तांडेल तापानं पडला नि त्याची जोडी घेऊन आमचा धोंडू ठाण्याला गेला. धोंडू म्हणजे गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, कडक माणूस. ठाण्यात शिरताना खोपट लागतं, त्याच्या अलीकडं रस्त्यालगत एक क्रूस आहे. बैल तिथं उभे! धोंडूनं शेपूट पिळलं, चुचकारलं, शिव्या दिल्या. बैल दगड!

शेवटी डोक्यावर पाटी घेतलेली एक किरिस्ताव बाई थांबली. म्हणाली, "अवो भाव, खून करा की."

"कुणाचा?"

"अवो, क्रूसाची खून! ती केल्याबिगर नाय जायाचे ते."

धोंडूनं मागं बघितलं, पुढं बघितलं. कोणी ओळखीचं नाय. पटकन उरकलं. बैल चालायला लागले!

रात्री माझ्याकडं आला. दार लावून घेतलं. "सख्या, कुणाला सांगायचं नाय, हां."

"नाय सांगत."

"उद्या परत तीच खेप आहे. आधी डावा खांदा का रे, उजवा?"

*

आता माझी पण एक खोडी सांगतो, नायतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगतो. धक्क्यावर तागडी होती मोठी. तिचं वजनं ठेवायचं पारडं जरा हलकं, म्हणून त्याच्याखाली फडक्यात एक दगड बांधलेला. पासंग. तो असला की दोन्ही पारडी सारखी. मी काय केलं, दगड काढला नि त्याच्याच वजनाचा गूळ बांधला!

मुंग्यांनी काम सुरू केलं. रोज थोडं थोडं. आठ दिवसांत हमाल म्हणायला लागले, औंदा भाताला वजन आहे! कारकून म्हणाला, पाऊस चांगला झालेला. शेठ खूष. दादा एकटा तागडीसमोर उकिडवा बसला, मुंग्यांची रांग बघितली, वर फडकं बघितलं. मग न वळता म्हणाला, "सख्या, इकडं ये. तुझा पासंग गोड आहे."

महिनाभर मला तागडी पुसायला लावली.

*

असा सगळा दंगा चाललेला, पण तांडेल परीक्षेत पास होईना! दोनदा बसला, दोनदा जू आभाळात. कारण काय, माहीत आहे? मचवा भरताना माल मागं जड ठेवतात, म्हणजे पुढची नाळ वर राहते, पाणी कापते. तीस वर्षांचा हात! गोणी उचलली की पाय आपोआप मागं.

दादा ओरडायचा, "अरे, इथं पाणी कुठाय?"

तांडेल मान खाली घालून म्हणायचा, "हाताना कोन सांगंल, मुकादम?"

दिवाळी आठ दिवसांवर आली. तांडेलाची बायको एकदा भाकरी घेऊन धक्क्यावर आलेली. मला हळूच विचारते, "भाव, नंबर मिळंल ना? होडी तर उघडीनागडी पडलीय चिखलात." मी, सगळ्या धक्क्याची टिंगल करणारा माणूस, उगाच बैलाच्या शिंगांवर फडकं मारत बसलो. नांगर आठवला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी गेलो तर गाडी भरून तयार, जू खुंटीला बांधलेलं. तांडेल दादाला बोलवायला गेलेला. मी गाडी बघितली. पुढच्या बाजूला गोण्यांचा हा डोंगर! मागं जवळजवळ मोकळं! म्हटलं, मेला. दोनदा मागं जड केली म्हणून आता घाबरून सगळी पुढं भरली. करंगळी काय, जू रेड्यानं उचललं तर उचलायचं!

गोण्या हलवायला टैम नाय. दादाची शिट्टी ऐकायला येतेय. मी म्हटलं, सखाराम, तुझ्या अंगावर दोन गोण्यांचं मांस आहे, ते कधी कामाला येणार? चढलो मागनं, अंगावर तरट ओढलं नि गोणी होऊन बसलो.

सगळा धक्का जमला. शेठ आला, टेसनमास्तर आले. दादानं दोरी सोडली. करंगळी घातली.

जू असं उडालं! दादानं घाबरून दोन्ही हातांनी धरलं, आणि जुवाबरोबर दादा पण वर! शेवग्याची शेंग लटकली झाडाला! पाय हवेत, धोतर वाऱ्यावर, नि वरनं ओरडतोय, "तांडेल! अरे, तांडेल!"

मागच्या गोण्या सरकल्या. धप्प, धप्प, धप्प, नि चौथा धप्प मी! मी पडलो तशी गाडी पुढं झुकली नि दादा धाडकन खाली.

दादा उठला. धोतर सावरलं. मी तरट बाजूला करून बसलो. तांडेल पुढं आला, पडलेल्या तीन गोण्या बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "मुकादम, ह्यो माल मी नाय भरला."

दादानं पुढचा डोंगर बोटानं दाबला. "कोंडा आहे तो, गाढवा! कोंड्याच्या गोण्या! मीठ सगळं चाकावर घेतलंय त्यानं! पंधरा दिवस पहाटे माझ्या गाडीवर..." एवढं बोलला नि जीभ चावली. शेठ दादाकडं बघायला लागला. दादा आभाळाकडं.

तीन गोण्या होत्या तशा लावल्या. जू बांधलं, सोडलं. दादानं करंगळी घातली.

फुलासारखं वर आलं!

तांडेल तिथंच खाली बसला. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. त्याच्या पलीकडं धोंडूचा पण हात कपाळाला गेलेला, मी बघितला. बरोबर लावला हां, आधी डावा खांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. सगळे रांगेत. कारकून वही घेऊन उभा, दादा त्याच्या कानाशी लागलेला. तांडेल नव्या धुतलेल्या सदऱ्यात, छातीवर नंबराचा बिल्ला.

"धोंडू!"

"हजर!"

"पास्कू तांडेल!"

"हजर!" असा ओरडला की बंदरापर्यंत गेला असेल.

मग माझा नंबर. मी घसा खाकरून तयार. कारकुनानं वहीत बघितलं, दादाकडं बघितलं, परत वहीत बघितलं.

"पासंग!"

कोणीच ओ देईना. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळा धक्का माझ्याकडं बघतोय.

"पासंग!!"

"...हजर."