शेवंतीबाईंची कागदी माटोळी

आमच्या वाड्यावरची अंगणवाडी शेवंतीबाई अठ्ठावीस वर्षं चालवताहेत. दोडामार्गहून लग्न होऊन डिचोलीत आल्या, चार वर्षांत नवरा गेला, आणि तेव्हापासून गावातल्या पोरांची नाकं पुसण्यात त्यांचा जन्म चाललाय. त्यांच्यावर लिहायचा मला हक्क नाही, हे आधीच सांगून टाकते.

बाईंना टाकाऊ असं काही दिसतच नाही. भंगारवाल्याकडून फुटक्या स्पीकरमधली लोहचुंबकं मागून आणतात. लोखंडाच्या खाणीच्या रस्त्यावरची धूळ कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवतात. काळे कण उभे राहिले की पोरं किंचाळतात. "इतकी वर्सां ही धूळ खाल्ली," बाई म्हणतात, "आता तिणा कायतरी शिकवूक नको?"

यंदा चवथीच्या सुट्टीआधी त्यांनी माटोळी केली. घरोघरी गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला दोराने फळं बांधतात, तीच ही. फक्त बाईंच्या माटोळीत दोर नव्हता. चौकटीला खालून लोहचुंबकं चिकटवलेली, आणि पुठ्ठ्याचे नारळ, चिबूड, तोरिंजन म्हणजे महाळुंग, यांच्या डोक्यात एकेक टाचणी. फळ वर नेलं की शेवटचं अर्धं बोट ते स्वतःच उडी मारायचं. "फळाक नाय, टाचणेक ओढता," असं माझा चार वर्षांचा साईश मला जेवताना शिकवू लागला.

त्याच आठवड्यात सेजलचा आजा गेला. सेजल पाच वर्षांची. दर चवथीला आजा तिला खांद्यावर घ्यायचा आणि माटोळीचं एक फळ तिच्या हाताने बांधायचा. यंदा घरात सुतक, त्यामुळे गणपती नाही, माटोळी नाही. रडारडीच्या घरात पोर नको म्हणून आई तिला अंगणवाडीत पाठवत होती, आणि ती रोज एकच विचारायची, "बाई, माझा फळ खंयचा?"

ते आम्हा आयांच्या कानावर आलं. माटोळीखाली गणपतीची तसबीर ठेवायची होती, आरती व्हायची होती. आम्ही चौघीजणी गेलो. बोलले मी.

"बाई, तिका सुतक आसा. माटोळेक तिचो हात लागाक नको."

सेजलला घरी पाठवणं बाईंच्या जिवावर आलं होतं, आणि आम्हाला दुखवून अंगणवाडी चालणार नव्हती. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हात लागलो नाय म्हणजे जाला मगे?"

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी सेजलच्या हातात लाकडी फूटपट्टी दिली. पट्टीच्या टोकावर दुसऱ्या पोरांनी तोरिंजन ठेवलं. तिने पट्टी हळूच उचलून माटोळीखाली धरली आणि तोरिंजन टुणकन वर जाऊन बसलं. ना फळाला हात, ना चौकटीला. बाई आमच्याकडे बघून हसल्या. आम्हीही टाळ्या वाजवल्या. सोवळंही राहिलं, पोरही खूश झालं, असं मीच घरी येऊन कौतुकाने सांगितलं. लाज वाटते आता.

पोरांना मात्र खेळ सापडला होता. सेजलला खडू हवा, तर पट्टीवर. पाण्याचा पेला, पट्टीवर. "हात लावू नको गो, पट्टी घे," असं माझा साईशच ओरडत होता. बाई "पुरे रे" म्हणायच्या, पण आरतीच्या गडबडीत कोण ऐकतंय!

सुट्टी संपून अंगणवाडी उघडली, तेव्हा सेजलच्या घरचं सुतक फिटून गेलं होतं. बाईंनी चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणल्या होत्या. साईशला सोडायला गेलेली मी दारातच उभी होते. पोरं हात पसरून पुढे धावली. सेजल कपाटाकडे गेली, पट्टी घेऊन आली आणि बाईंसमोर धरून उभी राहिली.

"हेच्यार ठेवा."

"आता नको गो ती. सुतक फिटला. हात पुढे कर." बाई खाली बसल्या, तिला जवळ घ्यायला गेल्या. ती तेवढीच मागे सरली. रडली नाही, रुसली नव्हती. शहाण्या मुलीसारखी पट्टी सरळ धरून होती. बाईंनी दोनदा, तीनदा समजावलं. पट्टी काही खाली येईना.

शेवटी तिचा हात दुखेल म्हणून बाईंनीच नेवरी पट्टीवर ठेवली.