नळीच्या हाडाचा बाण

किस्से जमवायला काही करावं लागत नाही. चार माणसं दर रविवारी एका गच्चीवर बसली की वर्षभरात पोतं भरतं. पंचाईत पुढे होते. किस्सा पुन्हा सांगून हसायला तो ठाऊक असलेला दुसरा माणूस लागतो, आणि आमच्यातला आता मी एकटाच मुंबईत उरलोय. म्हणून तुम्हाला सांगतो.

मुलुंडच्या एका कंपनीत आम्ही तिघं ड्राफ्ट्समन. मी, पेडणेकर आणि कांबळे. अण्णा आमचे स्टोअरकीपर. बायको गेलेली, मुलगा नागपूरला, स्वतः नुकतेच रिटायर. त्यांनी कुठल्याशा म्युझियममध्ये काचेआड आदिमानवाची हाडाची बाणाग्रं पाहिली आणि आम्हाला म्हणाले, “यात काय आहे? आपण करू.” तेव्हा रविवारी सकाळी अख्खं घाटकोपर टीव्हीसमोर बसून रामायणात आकाशात बाणावर बाण आपटताना बघायचं. आम्ही अण्णांच्या चाळीच्या गच्चीत खरे बाण करायचो.

*

पहिली अडचण हाडाची. बकऱ्याची नळी हवी, तीही न फोडलेली. हसनभाई खाटीक, मूळचे रत्नागिरीकडचे, त्यांनी विचारलं, “अख्खी कशाला? कुत्र्याला काय?”

आदिमानवापासून सुरुवात करण्यापेक्षा पेडणेकरनं सरळ हो म्हटलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं, “ह्याचा आहे.” मी एकटा राहायचो, म्हणून कुत्रा माझ्या गळ्यात.

तेव्हापासून हसनभाई दर रविवारी मला आधी कुत्र्याची खुशाली विचारायचे आणि मग नळ्या बांधायचे. आमच्या गावाकडूनही कोणी एवढी चौकशी करत नसे.

*

हाडाचं मांस सुटावं म्हणून अण्णांनी नळ्या कुकरला लावल्या, वर धुण्याचा सोडा टाकला. वास चाळभर. खालच्या मजल्यावरच्या राणेकाकू वाटी घेऊन हजर. “अण्णा, पाया केलात ना? जरा रस्सा द्या.”

अण्णा म्हणाले, “काकू, त्यात धुण्याचा सोडा आहे हो.”

काकू म्हणाल्या, “आमच्या सुनेच्या हातापेक्षा वाईट नसेल. द्या.”

*

हाड उभं चिरायचं आणि टोक येईपर्यंत गच्चीच्या खरबरीत कठड्यावर घासायचं. दाताच्या डॉक्टरकडे येतो तसला वास सुटायचा. मग ते टोक काठीला बांधायला जनावराच्या आतड्याची तात. ती आधी चावून मऊ करायची आणि ओली असतानाच गुंडाळायची. हे काम एकट्याचं नाही. एकानं तात ताणून धरायची, दुसऱ्यानं काठी फिरवायची. मी धरायचो, अण्णा फिरवायचे.

श्रावण लागला आणि पेडणेकर अडला. मालवणचा माणूस, श्रावण कडक पाळणारा. तात चावली तर श्रावण मोडतो का? कांबळे म्हणाला, मला विचारू नकोस, आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. शेवटी अण्णांनी निकाल दिला, “गिळली नाहीस तर मोडत नाही.”

पेडणेकरनं ती सकाळ तोंड धरून काढली. थुंकीसुद्धा गिळली नाही बिचाऱ्यानं.

*

पहिला बाण आम्ही मागच्या टेकडीवर सोडला. समोर नेम धरलेला डबा. बाण डावीकडे वळला, हवेत जरा विचार केल्यासारखा थांबला आणि करवंदीच्या जाळीत गेला. कांबळे म्हणाला, “आदिमानव शाकाहारी होता, आज कळलं.”

अण्णा एकटे शोधायला गेले. बऱ्याच वेळानं रिकाम्या हातानं परत आले. चेहरा मात्र असा खूश, की मी तसा कधी पाहिला नव्हता. एवढंच म्हणाले, “चांगला गेला.”

*

मग कांबळेला मस्कतची नोकरी लागली. पेडणेकरचं लग्न झालं, तो सासऱ्याच्या ओळखीनं गोव्याला गेला. अण्णा आणि मी दोघंच उरलो, तरी बाण व्हायचे, कारण बांधायला दोघं पुरतात.

त्या थंडीत अण्णा झोपेतच गेले. स्मशानात त्यांच्या मुलानं मला विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, ऑफिसातला. बाण करायचो म्हणून कसं सांगणार? ऑफिसातल्या माणसाच्या सांत्वनाला कोणी येत नाही. मी तिथं रडलो नाही, आणि घरी येऊन एकट्यानं रडायचं सुचलं नाही.

शेवटचा बाण माझ्या खोलीत अर्धाच होता. काठी दाराच्या कडीत अडकवून पाहिली. तात सैल पडायची. मग मी रविवारी हसनभाईंकडे जाणंच सोडलं.

*

एका दुपारी दार वाजलं. हसनभाई, खोली विचारत विचारत आलेले, हातात कागदात बांधलेल्या नळ्या.

“इतके रविवार आला नाहीत. म्हटलं कुत्र्याचं काय झालं?”

आता खरं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “गेला.”

हसनभाईंनी पुडकं उंबऱ्यात ठेवलं, चपला काढल्या आणि माझ्या खाटेवर येऊन बसले. अण्णांनंतर त्या खाटेवर कोणी बसलं नव्हतं.

“कशानं?”

“झोपेत.”

“फार लळा लागतो हो,” ते म्हणाले, आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना. ते पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मी शांत झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “वय काय होतं?”

“साठ,” मी म्हटलं.

हसनभाईंनी एकदा उंबऱ्यातल्या पुडक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, “चांगला जगला.”